भाकऱ्यांवरून काढलेली उलाढाल

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची असे ठरवले आहे. वहीच्या पहिल्या पानावर 'खासगी' लिहिले. आधी हात 'खाजगी' लिहू लागला होता. कोशात पाहिले, 'खासगी' बरोबर आहे.

लिहायला कारण घडले. श्रावण असल्यामुळे आमचे हॉटेल वीरधवल रिकामे आहे. आमच्याकडे मटण थाळी आणि चिकन थाळी चालते. शाकाहारी थाळी पाटीवर आहे, पण ती कोणी मागितली तर भाकऱ्या करणाऱ्या धोंडुबाई आतून विचारतात, "आजारी हाय का?" दुपारी एकच टेबल लागले, एमआयडीसीतल्या कंपनीचे तिघे साहेब. जेवण झाल्यावर एकाने कंपनीचे कार्ड पुढे केले. मालक म्हणाले, कार्ड चालत नाही, क्यूआर आहे. साहेबांनी क्यूआर पाहिला. तो मालकीणबाईंच्या नावाचा आहे. (मे महिन्यात मालकांच्या मेहुण्यांच्या नावाचा होता. दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. बँकेची काही अडचण असावी.) साहेब म्हणाले, हा खर्च कंपनीला कसा दाखवू? त्यांनी कशीबशी रोख जमवली आणि जाताना पुढच्या वेळी समोरच्या हॉटेलात जायचे असे आपसात बोलले. तेही इतक्या मोठ्याने की ऐकू यावे.

मालकांनी, म्हणजे बाळासो मोहिते यांनी, मला बोलावले.

"राजा, ते कार्डाचं मशीन किती कापतं रं?"

"वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे दर असतात, मालक."

"मग सगळ्यांचं बघ. सगळ्यांत कमी कोण कापतंय ते काढ. सावकाश काढ. काय घाई न्हाई." मग काउंटरमागच्या फिरत्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "मशीन आलं की ह्या खुर्चीत तू. मॅनेजर."

मी चार वर्षे येथे आहे. ऑर्डर घेतो, पार्सल बांधतो, मालक बाहेर गेले की काउंटर सांभाळतो, पण उभ्याने. त्या खुर्चीवर टॉवेल घातलेला असतो आणि तो मालकांचा असतो. बारावी कॉमर्सनंतर मी एफ.वाय.ला नाव घातले होते, परीक्षेला बसलो नाही. असे असून मॅनेजर.

घरी सांगितले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. ते उठून शेजारी सांगायला गेले. आई म्हणाली, "अवं, अजून व्हायचा हाय तो." तोपर्यंत ते तिसऱ्या घरी पोहोचले होते.

९ ऑगस्ट, शनिवार

तीन कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले. गोंधळ नको म्हणून त्यांना अ, ब, क अशी नावे दिली आहेत.

अ : क्रेडिट कार्डावर १.७५ टक्के, मशीनचे भाडे महिना ३५० रुपये.
ब : १.९० टक्के, भाडे नाही.
क : १.६० टक्के. हा दर पत्रकावर मोठ्या अक्षरात आहे. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, पहिल्या तीन महिन्यांनंतर २.२० टक्के. मी ते वाचून दाखवले तेव्हा 'क'च्या प्रतिनिधीने पत्रक उलटे करून पाहिले. त्याने ते पूर्वी पाहिले नसावे.

रुपे डेबिट कार्डावर कोणीच काही कापत नाही. हे बाबांना सांगितले, कारण त्यांच्या पेन्शनचे कार्ड रुपेच आहे. ते बँकेने दिलेल्या पाकिटातच ठेवलेले आहे, अजून एकदाही वापरलेले नाही. "मशीन आलं की पहिलं कार्ड तुमचं," असे मी म्हणालो. त्यांनी पाकीट कपाटातून काढून शर्टाच्या खिशात घालून पाहिले. बसते.

'ब'च्या प्रतिनिधी रुमाना मॅडम सांगलीहून येतात. त्या मला भाऊ म्हणतात. त्यांनी विचारले, "महिन्याची उलाढाल किती?"

मी म्हणालो, विचारून सांगतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

उलाढाल कळल्याशिवाय तुलना होत नाही, हे आज सिद्ध केले. महिन्याला कार्डावर २,३३,३३३ रुपयांपेक्षा जास्त आले तर 'अ' स्वस्त, कमी आले तर 'ब' स्वस्त. शुल्कावर आणि भाड्यावर दोन्हीकडे अठरा टक्के कर आहे, त्यामुळे उत्तर तेच येते. तीन वेळा करून पाहिले.

मालकांना उलाढाल विचारली. ते दात कोरत होते. थांबले.

"ते तुला कशाला?"

कारण समजावून सांगितले. ते म्हणाले, "धंदा हाय. कधी होतो, कधी न्हाई होत. तू टक्के बघ."

निळ्या फायलीत सी.ए.चा कागद होता. त्यात मासिक उलाढाल १,१०,००० लिहिली आहे. हे शक्य नाही. नुसते मटणच त्याहून जास्त येते. छपाईची चूक आहे हे मालकांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी फाईल माझ्या हातातून घेतली, कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. सी.ए.ना कळवतील.

२६ ऑगस्ट, मंगळवार

श्रावण संपला आणि रविवारी एकदम झुंबड उडाली. बाहेर बाकड्यांवर माणसे. कँटीनच्या पिशव्या घेतलेले माजी सैनिक रांगेत शिस्तीने उभे, बाकीचे बेशिस्तीने. त्यातल्या एका सुभेदारांनी बिलासाठी मिलिटरी कँटीनचे कार्ड पुढे केले. ते फक्त कँटीनमध्ये चालते, असे मी नम्रपणे सांगितले. ते म्हणाले, "सियाचीनला चाललं होतं." त्याला दर लागू होत नसल्याने तक्त्यात घेतले नाही.

मला पद्धत सापडली. थाळीत भाकरी अमर्याद असते. तीन दिवस ताटे मोजली तर एका थाळीला सरासरी २.४ भाकऱ्या जातात. म्हणजे एकूण भाकऱ्या कळल्या की थाळ्या कळतात आणि थाळ्या कळल्या की उलाढाल.

धोंडुबाईंना विचारले, "मावशी, रोज किती भाकरी होतात?"

"आज दोनशे अकरा."

"एवढं नेमकं कसं?"

"आरं, माझा हात दुखतो, मला कळणार न्हाई व्हय?"

२११ भागिले २.४ म्हणजे ८८ थाळ्या. सरासरी २४० रुपये धरून दिवसाला २१,१२०. सोमवार, गुरुवार, शनिवार मंदीचे धरून महिन्याला सुमारे ५,१०,०००. त्यातला पाचवा हिस्सा कार्डावर आला तरी १,०२,०००. म्हणून 'ब'. उत्तर मिळाले!

कागद व्यवस्थित लिहून मालकांसमोर ठेवला. त्यांनी पाहिला आणि दार लावून घेतले.

"हा आकडा तुला कुणी सांगितला?"

"भाकऱ्यांवरून काढला."

त्यांनी आतल्या चुलीकडे पाहिले. मग म्हणाले, "असली गणितं कागदावर ठेवू नये रं राजा. डोक्यात ठेवावीत." पण डोक्यात ठेवलेली गणिते पडताळता येत नाहीत, म्हणून मी कागद वहीत चिकटवला. त्यांनी बराच विचार करून सांगितले, "घाई करू नको. सांगलीला जाऊन ये. तिकडची हॉटेलवाली काय देत्यात बघ. हॉटेल राजनंदिनीला जरूर जा. त्यांचा धंदा किती, जागा कसली, सगळं नीट टिपून आण. माझं नाव सांग."

मालक इतक्या खोलात जातात, हे मला माहीत नव्हते.

११ सप्टेंबर, गुरुवार

काल सांगली आणि मिरज केले. सविस्तर लिहितो.

हॉटेल राजनंदिनीचे मालक तात्यासो सूर्यवंशी काउंटरवर होते. मी साताऱ्याच्या हॉटेल वीरधवलमधून आलो, बाळासो मोहित्यांनी पाठवले, असे म्हणताच ते उठून उभे राहिले. "आवं, आधी सांगायचं न्हाई व्हय? गाडी पाठवली असती!" मी एसटीने आलो असे सांगितल्यावर ते म्हणाले, "साधी माणसं. आवडलं आपल्याला."

मला एसीच्या खोलीत बसवले. न मागता बासुंदी आली. मी वही काढली.

"काय काय बघायला सांगितलंय?"

"मुख्य म्हणजे उलाढाल."

ते हसले. "मोहिते सरळ मुद्द्यावर येत्यात की! लिहा. दिवसाला साठ हजार."

मी लिहिले. मग त्यांनी नवा फ्रीझर दाखवला, मागची पाच गुंठे जागा दाखवली आणि जिन्याकडे बोट करून म्हणाले, "वरचा मजला शेवटी जावयाचाच." कार्डाच्या दराशी याचा संबंध कळला नाही, पण तेही टिपले.

त्यांच्या मुलीने चहा आणला. तिचेही नाव राजनंदिनी. हॉटेलच्या नावावरून ठेवले की हॉटेलला तिचे नाव दिले, ते विचारायचे राहिले. तात्यासो म्हणाले, "विचारा हिला काय विचारायचं ते. लाजू नका." मी विचारले, "तुमच्याकडे क्रेडिट कार्डावर किती टक्के कापतात?"

ती म्हणाली, "आम्ही कार्ड घेत नाही. तुम्ही खरंच टक्केवारीच विचारायला आलाय?"

"हो. आणि मशीनचं भाडं."

ती हसू दाबत आत गेली. जाताना म्हणाली, "आजवर आलेल्यांत हेच बरे."

मला दोन तास थांबवून जेवू घातले. एसीच्या खोलीच्या काचेतून बाहेरचे सगळे दिसत होते. सवयीने थाळ्या मोजल्या. दुपारच्या एकतीस झाल्या. रात्रीच्याही तेवढ्याच धरल्या आणि थाळी २३० ची, तर दिवसाला १४,२६०. त्यांनी सांगितले साठ हजार. फरक ४५,७४०. मोजण्यात माझी काहीतरी चूक असावी. दोन्ही आकडे लिहिले आहेत.

तिथून मिरजेला गेलो. एका मोठ्या दवाखान्यासमोर याकूबचाचांचे छोटे हॉटेल आहे, सहा टेबले. त्यांचे कार्ड मशीन काउंटरवर आहे, त्याच्या फुटलेल्या कडेला रबर बँड लावला आहे. मी प्रश्न पुरा करण्याआधी ते म्हणाले, "एक पूर्णांक नऊ कापतंय. दिवसाला बारा-तेरा हजाराचा धंदा. निम्मा ह्याच्यावर. ही वही, बघा."

"एवढे टक्के गेल्याचं वाईट नाही वाटत?"

"बाळा, इथं विजापूरकडनं, बेळगावकडनं माणसं पेशंट घेऊन येत्यात. आठ-आठ दिवस राहत्यात. रोख सगळी आत भरलेली असती. कार्ड असतंय खिशात. शंभराला दोन रुपये वाचवायला मी त्याला उपाशी पाठवू?" मग त्यांनी मला चहा दिला. पैसे घेतले नाहीत.

यांनी खरी वही अनोळखी माणसाला काही न विचारता दाखवली. असे कोणी करत नाही. त्यामुळे त्यांच्या आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मालकांना अहवाल दिला. एकूण अकरा पाने होती. त्यांनी राजनंदिनीचे पहिले पान वाचले, त्यातही पहिली ओळ. "साठ हजार! रोज!" मग जागेबद्दल आणि वरच्या मजल्याबद्दल दोनदा विचारले. मी म्हणालो, मालक, पान उलटा, पुढे माझे मोजमाप आहे आणि मिरजेचा दरही आहे. ते म्हणाले, "ते असू दे." आणि पुण्याला वीरधवलदादांना फोन लावला. वीरधवलदादा, म्हणजे मालकांचे चिरंजीव, तिथे हॉटेल मॅनेजमेंट शिकतात. फोनवर मशीनचा विषय निघाला नाही.

"मशीनचं काय करायचं?" मी विचारले.

"आता पित्राचा पंधरवडा. नवीन वस्तू आणत न्हाईत."

हे खरे आहे. मी तक्त्यात तसा शेरा घातला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रुमाना मॅडम पाचव्यांदा आल्या. मालक त्यांना बघून मागच्या दाराने दूध आणायला गेले. दूध सकाळीच आले होते.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "भाऊ, एक सांगू? राग नको. तुमच्या मालकांना मशीन नकोय."

"असं कसं? त्यांनीच मला तुलना करायला सांगितली."

"म्हणूनच सांगितली. कार्डावर आलेला पैसा लपत नाही."

"लपवायचा कशाला?"

आतून धोंडुबाई म्हणाल्या, "बाई, त्याला सांगू नगा. पोरगं झोपायचं न्हाई."

मला यात 'अ' कंपनीचा काहीतरी हात वाटतो. निराश झालेला प्रतिनिधी असे बोलू शकतो. तरी दुपारभर अस्वस्थ होतो. हिशेबाची निळी फाईल आठवत होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मशीन आले!! काल दसरा झाला, आज मालकांनी स्वतः रुमाना मॅडमना फोन केला. पंधरा दिवस वापरून बघायला 'ब'चे मशीन ठेवले आहे. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले. मी दोन महिन्यांचा तक्ता बाजूला उभा केला होता, तो मालकांनी खाली ठेवला.

"हे बघ राजा. आता सांगलीकडचे पाहुणे येणारायत. वीरधवलचं बघायचं चाललंय. तर मशीन असं समोर दिसलं पाहिजे. आजकालचं हॉटेल वाटलं पाहिजे."

"हो. चालू करून ठेवतो."

"आं! चालू न्हाई. नुसतं ठेव. कुणी कार्ड काढलं तर सांगायचं, नेटवर्क न्हाई."

"पण नेटवर्क आहे. पाच दांड्या आहेत."

"राजा," ते म्हणाले, "खुर्ची पाहिजे का?"

बाबा रोज विचारतात, आले का मशीन. आज सांगितले, आले. ते पाकीट घेऊन निघालेच होते. मी म्हणालो, थोडे थांबा, अजून तपासणी चालू आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज सहा वेळा 'नेटवर्क नाही' म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणण्याआधी मशीन घेऊन खिडकीपाशी जाऊन आलो, म्हणजे निदान बघून आलो असे होईल. चौथ्या वेळी एका गिऱ्हाइकाने स्वतःचा मोबाईल दाखवला, "माझ्याकडं फुल्ल हाय." मी म्हणालो, कंपनी वेगळी. हे वाक्य मला कसे सुचले कळत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज एक चांगली गोष्ट घडली. मालक मार्केट यार्डात गेले होते. दुपारी एकटेच गृहस्थ जेवायला आले, टोपी खाली ओढलेली. जेवण झाल्यावर काउंटरपाशी आले तेव्हा ओळखले. सांगलीचे तात्यासो सूर्यवंशी!

"ओळखलं व्हय? मालकाला सांगू नका. सहज आलतो. मशीन चालतंय का हे?"

"नेटवर्क नाही."

"बरं हाय. आमीबी ठेवावं म्हणतोय असलंच, नेटवर्क नसलेलं." त्यांनी रोख दिली आणि बडीशेप चघळत टेकले. "तुमचं महिन्याला किती होतं हो?"

मी विचारात पडलो. मालकांनी आकडा डोक्यात ठेवायला सांगितले आहे. पण या माणसाने मला पहिल्या भेटीत बासुंदी देऊन स्वतःचा आकडा सांगितला होता. त्यांनाही मशीन घ्यायचे आहे आणि उलाढाल कळल्याशिवाय तुलना होत नाही, हे मीच अनुभवले आहे. मी न सांगणे बरे दिसले नसते.

तुलनेची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. डाव्या पानावर वीरधवल : फायलीप्रमाणे १,१०,०००, भाकऱ्यांप्रमाणे ५,१०,०००.

तात्यासोंनी चष्मा लावला. "मोहित्यांनी मला पंधरा लाख सांगितलंय."

"असं? मग तिसरा रकाना करतो." मी पट्टीने रेघ मारून 'तोंडी : १५,००,०००' असे लिहिले.

तोवर त्यांनी उजवे पान वाचले. हॉटेल राजनंदिनी : तोंडी १८,००,०००, थाळ्यांप्रमाणे ४,२७,८००.

"हे थाळ्यांप्रमाणे म्हंजे?"

"त्या दिवशी तुमच्याकडे बसून मोजल्या होत्या. माझं चुकलं असेल तर दुरुस्त करतो."

त्यांनी चष्मा काढला. मग त्यांना हसू फुटले, इतके की ठसका लागला आणि धोंडुबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. डोळे पुसत ते म्हणाले, "न्हाई गड्या. चुकलं न्हाई. दोन-चार हजार इकडं-तिकडं." मग हळूच, "हे मोहित्यांनी बघितलंय?"

"त्यांनी पहिलीच ओळ वाचली."

"मग आता मीच दाखवतो." त्यांनी मोबाईलवर दोन्ही पानांचा फोटो काढला. माझी पद्धत त्यांना आवडली असावी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. एकदा भाकरीच्या टोपलीला लाथ मारली. मी विचारले, काही चुकले का? म्हणाले, "मला विचारून श्वास घेत जा."

आज 'नेटवर्क नाही' फक्त दोनदा. जेवलो नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मी मॅनेजर झालो.

काल मालक सांगलीला गेले होते. वीरधवलदादांचे लग्न ठरले. तुळशीचे लग्न झाले की यांचे. देण्याघेण्याची बोलणी दहा मिनिटांत उरकली म्हणे, कोणीच कोणाला काही विचारले नाही. लग्नानंतर दादा सांगलीला वरचा मजला बघणार.

मालकांनी मला बोलावले. "ती वही कुठाय?"

मी दिली. त्यांनी ती कपाटात, निळ्या फायलीच्या खाली ठेवली आणि किल्ली फिरवली. माझ्या वहीला इतकी सुरक्षित जागा मिळेल असे वाटले नव्हते. "व्याह्यांचा आग्रह हाय," ते म्हणाले, "की तुला खुर्चीत बसवायचं. 'असला माणूस बाहेर जाऊ द्यायचा न्हाई,' म्हणले. चौदाचे एकोणीस हजार. आणि आकडे विसरायचे."

मी म्हणालो, विसरेन. (ते याही वहीत आहेत, हे सांगायचे राहून गेले.)

मालकांनी टॉवेल काढला. मी खुर्चीत बसलो. ती डावीकडे थोडी कलते. धोंडुबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"बसवलं व्हय तुला? बस. आता उठता यायचं न्हाई."

त्यांना आनंद झाला असणार. त्यांची बोलण्याची पद्धतच तशी आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

रुमाना मॅडम मशीन परत न्यायला आल्या. मालकांनी सांगितले, टक्के परवडत नाहीत. मशीनवर हाराचा वाळलेला झेंडू चिकटला होता, तो मी पुसून दिला. त्यांनी मशीन चालू करून पाहिले. आलेले व्यवहार : शून्य.

"दोन महिने, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि तुमची तुलना बरोबर होती. एक पैशाची चूक नव्हती."

मला बरे वाटले.

"आमच्या सांगलीच्या ऑफिसला माणूस पाहिजे. पत्रकाची मागची बाजू वाचणारा मी एकच पाहिला. अठरा हजार देतील, पण काम खरं आहे. याल का?"

मी म्हणालो, मी मॅनेजर झालो.

"बिनमशीनचे?"

त्यांनी कार्ड ठेवले, त्यांच्या नावाचे, छापील. ते वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात घातले आहे. त्यावर 'प्रतिनिधी' शब्द बरोबर छापला आहे. बहुतेक जण 'ति' दीर्घ करतात.

मग मालकांनी पाटी लिहायला सांगितली. म्हणजे रोज खोटे बोलायला नको. हे मला पटले. चांगला मार्कर आणला, आधी पेन्सिलीने रेघा मारल्या :

येथे कार्ड स्वीकारले जात नाही.
रोख अथवा क्यूआर.
तसदीबद्दल क्षमस्व.
— व्यवस्थापक

क्यूआर आजपासून होणाऱ्या सूनबाईंच्या नावाचा आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

आई-बाबा जेवायला आले. मी बोलावले नव्हते. दिवाळीत वाट पाहिली, मग स्वतःच आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर्कशॉपच्या निरोप समारंभाचा. आईने नवी साडी. मी खुर्चीत होतो. बाबांनी तिथूनच आईला कोपराने ढोसून दाखवले.

त्यांना पंख्याखालचे टेबल दिले. धोंडुबाईंनी स्वतः भाकऱ्या आणून वाढल्या, गरम गरम. आईला म्हणाल्या, "पोरगं गुणाचं हाय. जरा जास्तीच." बाबांनी साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या. सरासरीपेक्षा जास्त.

आई हात धुवायला गेली. बाबा काउंटरपाशी आले. बिल ४८० होते. मी म्हणालो, राहू द्या, मी भरतो. ते म्हणाले, "न्हाई. ठरलंय आपलं." आणि खिशातून पाकीट काढले. कार्ड काढताना त्यांचा हात जपून चालत होता, जसा वर्कशॉपमध्ये नवीन पार्ट काढताना चालायचा. कार्डावरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघालेला नव्हता. त्यांनी ते काउंटरवर ठेवले आणि मशीन कुठे आहे ते शोधू लागले.

त्यांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली, पहिल्या ओळीपासून 'व्यवस्थापक' पर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"अक्षर तुझं हाय," ते म्हणाले.

"हो."

"झ्याक काढलंयस."

त्यांनी कार्ड पाकिटात घातले. पाकिटाची घडी होती तशीच घातली. आतल्या खिशातून रोख काढून दिली, मी वीस रुपये परत दिले. तेवढ्यात आई आली, पदराला हात पुसत. "झालं का? चाललं का कार्ड?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नेटवर्क न्हाई म्हणं. पुढच्या बारीला."